पाथरीचा प्रश्न आणि चांदबीबी

राज्यांच्या सरहद्दी कागदावर ठरविणाऱ्यांना त्यांची किंमत क्वचितच मोजावी लागते. ती मोजावी लागते ज्या गावांवरून ती रेघ जाते त्या गावांना. आमच्या परभणी जिल्ह्याने हा अनुभव सव्वाचारशे वर्षांपूर्वी घेतलेला आहे. १५९६ साली अहमदनगरच्या वेढ्यानंतर निजामशाही व मोगल यांच्यात तह झाला आणि वऱ्हाड प्रांत मोगलांना देण्याचे ठरले. परंतु वऱ्हाड नेमका कोठे संपतो आणि पाथरी त्यात मोडते की नाही, याविषयी दोन्ही पक्षांची समजूत एक नव्हती. मोगलांनी पाथरीत पाऊल टाकले, दक्षिणेतील तीन दरबारांनी त्यास हरकत घेतली, आणि १५९७ सालच्या आरंभी सोनपेठच्या परिसरात गोदावरीच्या काठी रणकुंड पेटले. ज्या तहातून हे सारे उद्भवले तो निजामशाहीच्या वतीने पत्करणारी स्त्री म्हणजे सुलताना चांदबीबी.

चांदबीबीचे नाव घेताच वाचकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. सुरुंगाने फुटलेला तट, त्या खिंडारात चिलखत घालून, तोंडावर बुरखा ओढून, हाती उघडी तलवार घेऊन उभी असलेली स्त्री, आणि तिला पाहून पळता पळता माघारी फिरलेले सैनिक. आम्ही शिक्षकी पेशात होतो तेव्हा मुलांना हीच गोष्ट सांगत असू, आणि ती सांगताना आमचाही आवाज चढत असे. ते चित्र खोटे नाही. परंतु एका रात्रीच्या शौर्याने आयुष्यभराची राजनीती झाकून जावी, हे न्यायाचे नव्हे. चांदबीबीने दोन राज्यांचा कारभार दोन अज्ञान राजांच्या नावाने पाहिला. आजच्या भाषेत बोलायचे तर ती राज्याची प्रमुख होती आणि परराष्ट्र धोरणाची सूत्रेही तिच्याच हाती होती. त्या धोरणाचा हिशेब मांडण्याचा आज आमचा हेतू आहे. कारण त्या हिशेबात आमच्या जिल्ह्याचेही खाते आहे.

चांदबीबीचा जन्म १५५० च्या सुमारास अहमदनगरच्या राजवाड्यात झाला. पिता हुसेन निजामशहा, माता खुंजा हुमायून. त्या काळी राजकन्येचा विवाह हा घरगुती प्रसंग नसे, तो राज्याराज्यांमधील करार असे. निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून चाळीस वर्षे वैर धुमसत होते. या वैराचे मूळही एका विवाहातच होते. १५२४ साली आदिलशाही राजकन्या निजामशहाला दिली गेली, त्या वेळी सोलापूर आंदण म्हणून देण्याचे बोलणे झाले होते, असा अहमदनगरचा दावा होता. विजापूरला तो मान्य नव्हता. बोलण्यातील या संदिग्धतेपायी दोन पिढ्यांची माणसे मेली. अखेर चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली, तिच्याबरोबर सोलापूरही विजापूरला गेले, आणि अली आदिलशहाची बहीण निजामशाहीच्या राजपुत्राला आली. अशा रीतीने चौदा-पंधरा वर्षांची ही मुलगी आपल्या लग्नातच राजनीतीचा पहिला धडा शिकली. मोघम वचन हे वचन न देण्यापेक्षाही अधिक घातक ठरते, हा तो धडा. पुढे पाथरीच्या निमित्ताने तोच धडा तिला पुन्हा, आणि फार महागात, शिकावा लागला.

या सोयरिकींमधून जुळलेल्या एकजुटीने जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या रणांगणावर विजयनगरचे साम्राज्य मोडले. विजयनगरच्या वैभवाचा झालेला संहार कोणाही सहृदय माणसाला व्यथित करील असाच आहे, आणि त्याचे समर्थन करण्याचा आमचा विचार नाही. परंतु दक्षिणेतील दरबार एकत्र आले तर केवढे सामर्थ्य उभे राहू शकते, आणि समान शत्रू नाहीसा होताच ते पुन्हा एकमेकांच्या उरावर कसे बसतात, या दोन्ही गोष्टी चांदबीबीने विजापूरच्या महालातून पाहिल्या. १५७० व १५७१ या वर्षांत आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला वेढा घालून पोर्तुगीजांविरुद्ध जोड मोहीम केली, ती फसली. माहेरी तिची माता खुंजा हुमायून ही मुलगा मुर्तजा याच्या नावाने काही वर्षे राज्य करीत होती. तिला अखेर त्याच मुलाने कैदेत टाकले. राज्य चालविणाऱ्या स्त्रीला बाहेरच्या शत्रूइतकेच घरातल्या माणसांपासूनही सावध राहावे लागते, हे चांदबीबीला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. अरबी आणि फारसीबरोबर मराठी व कानडीही तिला अवगत होती, ती सतार वाजवी आणि शिकारीला जाई, असे तिच्याविषयी सांगतात. लोकांची भाषा जाणणारी राणी होती, एवढे त्यावरून समजावे.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम याला गादीवर बसविण्यात आले आणि त्याच्या पालनाची जबाबदारी चांदबीबीवर आली. येथून तिची खरी कसोटी सुरू झाली. कामिलखान नावाच्या सरदाराने सत्ता बळकावू पाहिली. त्याला दूर करण्यासाठी तिने किश्वरखानाचे साह्य घेतले. तोच पुढे मुजोर झाला आणि त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवले. हबशी सरदारांनी उठाव केला, किश्वरखान पळाला, आणि चांदबीबी सन्मानाने विजापुरात परत आली. दरबारातील ही बेदिली पाहून शेजाऱ्यांना सुरसुरी आली नसती तरच नवल. अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या फौजा विजापूरच्या तटाखाली येऊन बसल्या. लक्षात घ्या, वेढा घालणाऱ्यांत तिच्या सख्ख्या भावाचे सैन्य होते! तथापि ती डगमगली नाही. दरबारातील परस्परविरोधी गटांना तिने काही काळ तरी एकत्र आणले. मराठे बारगीरांनी शत्रूची रसद तोडली. आणि सुमारे वर्षभराच्या खटाटोपानंतर वेढा उठला. हा अनुभव पुढे अहमदनगरला तिच्या कामी आला.

विजापूरची सत्ता दिलावरखान या सरदाराच्या हाती गेल्यावर, १५८४ च्या सुमारास, चांदबीबी इब्राहीमच्या बहिणीला घेऊन तिच्या लग्नाच्या निमित्ताने अहमदनगरला आली. ती माहेरी आली खरी, परंतु माहेर म्हणावे असे तेथे काही उरले नव्हते. १५८८ साली तिचा भाऊ मुर्तजा याला त्याच्याच मुलाने मारले; वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. दुसरा भाऊ बुऱ्हाण १५९१ साली गादीवर आला आणि एप्रिल १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहीम चारच महिन्यांत विजापूरकरांशी लढताना पडला. गादीचा खरा वारस म्हणजे या इब्राहीमचा तान्हा मुलगा बहादूर. परंतु दरबारात दखनी, हबशी आणि परदेशी असे तट पडलेले. प्रत्येक तटाने आपापला राजा उभा केला. एका वेळी राज्याला चार चार वारसदार झाले, आणि राज्याचा वाली मात्र कोणीच राहिला नाही.

उत्तरेकडे अकबर बादशहा ही सारी दुरवस्था पाहत होता. १५९१ साली त्याने दक्षिणेतील चारही दरबारांकडे वकील पाठवून आपले वर्चस्व मान्य करण्याची सूचना केली होती. खानदेशच्या राजा अलीखानाने ती मान्य केली. बाकीच्यांनी गोड बोलून टाळली. अकबर हा थोर व उदार राजा होता, हे कोण नाकारील? परंतु मोठ्या साम्राज्याचे औदार्य हे शेजाऱ्याने मान तुकविल्यानंतरचे असते, त्याआधीचे नसते. दक्षिणेत शिरण्याला त्याला केवळ निमित्त हवे होते, आणि ते अहमदनगरच्याच एका मुत्सद्द्याने त्याच्या हाती दिले. मियाँ मंजू हा दखनी पक्षाचा पुढारी. प्रतिपक्षाने कोंडी करताच त्याने गुजरातेतून शहाजादा मुराद याला मदतीस बोलाविले. पुढे प्रतिपक्षाचा पराभव झाला, मंजूला पश्चात्तापही झाला; परंतु तोवर मोगल फौजा वाटेला लागल्या होत्या. भटाला दिली ओसरी, आणि भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. स्वतः निमंत्रण दिलेला पाहुणा दाराशी येताच हा यजमान किल्ला सोडून निघून गेला.

अशा घटकेला, म्हणजे १५९५ च्या अखेरीस, पंचेचाळिशीच्या घरातील एक विधवा पुढे आली. चांदबीबीने मंजूच्या हस्तकाचा काटा काढला, बालक बहादूरच्या नावाची द्वाही फिरविली आणि किल्ल्याचा कारभार हाती घेतला. तिने पहिले काम कोणते केले असेल, तर विजापूर व गोवळकोंडा या दरबारांकडे मदतीची मागणी केली. विजापूरच्या गादीवर आता तिने वाढविलेला इब्राहीम आदिलशहा होता. चारच महिन्यांपूर्वी ज्या विजापूरशी लढताना अहमदनगरचा राजा पडला, त्याच विजापूरकडे तिने हात पसरला! मानापमानाचे हिशेब बाजूला ठेवण्यास केवढे धैर्य लागते, हे ज्यांनी भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. इब्राहीमनेही ते नाते ओळखले. सुहेलखान या सेनापतीच्या हाताखाली विजापूरची फौज निघाली आणि गोवळकोंड्याचे लोक तिला येऊन मिळाले.

डिसेंबर १५९५ मध्ये शहाजादा मुराद व खानखानान अब्दुर्रहीम यांनी अहमदनगरला वेढा दिला. तटाखाली सुरुंग घालण्यात आले. मोगल छावणीतील एका माणसाने त्यांची जागा आतील लोकांना कळविली. त्यातील दोन निकामी करण्यात आले, तिसरा उकरीत असतानाच मोगलांनी बत्ती दिली. तटाचा मोठा भाग उडाला, अनेक माणसे जागीच ठार झाली. पुढचे चित्र वाचकांना ठाऊकच आहे. त्या दिवशी मोगलांचे हल्ले परतविले गेले आणि रातोरात खिंडार भरून काढण्यात आले. गोळे संपल्यावर तिने तोफांतून तांब्याची, रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी डागली, असे लोककथा सांगते. कथेचा शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. परंतु आपल्याजवळचे होते नव्हते ते या बाईने राज्यासाठी वेचले, ही लोकांची खात्री त्या कथेतून बोलते.

सुहेलखानाची फौज जवळ येत होती, मोगल छावणीत धान्याचा तुटवडा होता, आणि शहाजादा व खानखानान यांचे आपसात पटत नव्हते. आतमध्येही अन्न व दारूगोळा सरत आला होता. दोन्ही बाजूंना तह हवा होता. अहमदनगरने वऱ्हाड सोडावे, आणि बहादूरचे राज्य मोगलांनी मान्य करावे, असे ठरले. काही टीकाकार म्हणतात की, मदत जवळ येत असताना चांदबीबीने एक आख्खा प्रांत द्यावयास नको होता. आम्हांला हा आक्षेप पटत नाही. वऱ्हाड १५७४ साली मुर्तजाने जिंकून घेतलेला. तेथे अहमदनगरची पकड केव्हाच सैल झाली होती. ज्या तटाला एकदा खिंडार पडले आहे त्याच्या आड बसून, एका तान्ह्या राजाच्या नावाने, किती दिवस झुंजणार? जे राखता येण्याजोगे नव्हते ते देऊन जे राखलेच पाहिजे ते तिने राखले. दोष द्यावयाचाच तर वेगळ्या गोष्टीला द्यावा लागेल. जे दिले त्याची हद्द चोख बांधून घेतली गेली नाही, ही ती गोष्ट होय.

आणि येथेच पाथरीचा प्रश्न उपस्थित होतो. पाथरी हे निजामशाहीच्या लेखी साधे ठाणे नव्हते. या घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या एका ब्राह्मण कुळातील. विजयनगरच्या मुलखात बहमनी सैन्याच्या हाती लागून तो मुसलमान झाला, असे फरिश्ता या समकालीन इतिहासकाराने नोंदविले आहे. त्याचा मुलगा अहमद याने निजामशाही स्थापिली. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. तो ती देईना, तेव्हा १५१८ साली त्याने ती अचानक चाल करून घेतली. पुढे इमादशहाने ती परत मिळविली व पुन्हा गमावली. बुऱ्हाणने ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली, असेही इतिहास सांगतो. म्हणजे सुलतानाचा धर्म बदलला, नाव बदलले, परंतु वडिलोपार्जित गावाची ओढ काही सुटली नाही. आमच्या मातीची ही चिकाटी आज जाती-धर्माच्या नावाने भिंती उभारणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

आता दोन्ही पक्षांची बाजू पाहा. मोगलांचे म्हणणे असे की, पाथरी मुळात वऱ्हाडच्या सुलतानाची होती, तेव्हा वऱ्हाड आमचे तर पाथरीही आमची. अहमदनगरचे म्हणणे असे की, १५७४ मध्ये वऱ्हाड घेण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ पाथरी आमच्याकडे होती, तेव्हा वऱ्हाड दिले म्हणून ती दिली असे होत नाही. निःपक्षपाती न्यायाधीशाने अहमदनगरच्या बाजूने कौल दिला असता असे आम्हांला वाटते. परंतु राज्याराज्यांच्या तंट्यात न्यायाधीश नसतो. ज्याचे घोडदळ आधी पोहोचते त्याचा अर्थ खरा ठरतो. मोगल आधी पोहोचले. विजापूरकडे परतणाऱ्या सुहेलखानाला गोदावरीच्या काठी ही वार्ता समजली आणि त्याने तेथूनच घोडी वळविली.

चांदबीबीच्या परराष्ट्र धोरणाचा सर्वोच्च क्षण कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही अहमदनगरच्या खिंडाराकडे बोट दाखविणार नाही, सोनपेठकडे दाखवू. विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर यांच्या फौजा एका सेनापतीच्या हुकमतीखाली मोगलांसमोर उभ्या राहिल्या. फरिश्ता त्यांची संख्या साठ हजार स्वार देतो. मोगल त्याहून पुष्कळच कमी होते. तीस वर्षांपूर्वी राक्षसतागडीला एकत्र आलेले हे दरबार परक्याचे राज्य बुडविण्यासाठी एकत्र आले होते. या वेळी ते स्वतःचे घर राखण्यासाठी एकत्र आले. लढाई दोन दिवस चालली. मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान रणात पडला. अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या तुकड्यांनी मात्र कच खाल्ली. रात्र पडली तेव्हा दोन्ही सेनापती आपलाच विजय झाला असे समजून रणांगणावर राहिले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सुहेलखान जखमी होऊन पडला आणि त्याच्या लोकांनी त्याला उचलून नेले. विजापूरचे लोक शर्थीने लढले. परंतु ज्यांचे घर राखावयाचे होते त्यांनीच पाय काढता घेतला, हे कटू सत्य सांगितलेच पाहिजे. पाथरी गेली. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात तिचा स्वतंत्र सरकार म्हणून समावेश झाला.

या पराभवानंतरही चांदबीबीला तीन-साडेतीन वर्षे मिळाली. ती राज्य सावरण्यास पुरेशी होती. कारण मोगल सेनानीही आपसात भांडत होते आणि मे १५९९ मध्ये मुराद वारला. परंतु घर सावरेना. तहानंतर तिने पेशवाईवर नेमलेला महंमदखान डोईजड झाला. त्याला काढण्यास तिला विजापूरची फौज आणावी लागली, आणि त्यानेही जाता जाता मोगलांशी सूत जुळविण्याचा प्रयत्न केला. त्याच्या जागी आलेल्या अभंगखान हबशीने तिच्याच किल्ल्याला वेढा दिला. एकामागून एक नेमलेला प्रत्येक कारभारी हाती सत्ता येताच तिचा वैरी झाला. मोगल बखरकार लिहितात की, याच सुमारास तिने अबुल फजलशी बोलणे लाविले आणि अभंगखानाचा बंदोबस्त होणार असेल तर किल्ला सोडण्याची तयारी दर्शविली. हे जसेच्या तसे खरे मानले, तरी त्यात आम्हांला फितुरी दिसत नाही. चोहोबाजूंनी कोंडलेल्या मुत्सद्द्याचा शेवटचा डाव दिसतो.

१६०० साली अकबर स्वतः बुऱ्हाणपूरपर्यंत आला. शहाजादा दानियाल व खानखानान यांनी पुन्हा अहमदनगरला वेढा दिला. अभंगखान जुन्नरकडे पळून गेला. किल्ल्यात बेशिस्त माजलेली, बाहेरून कोणाची मदत येण्याची आशा नाही. चांदबीबीने जितखान या आपल्या सरदाराला बोलावून मनातील विचार सांगितला. किल्ला द्यावा, त्याच्या मोबदल्यात सर्वांच्या जिवाची हमी घ्यावी, आणि बालराजाला घेऊन जुन्नरला जावे, असा तो विचार. राजा वाचला तर राज्य पुन्हा उभे करता येईल, हा त्यातील मतलब. त्या माणसाने बाहेर येऊन, चांदबीबी मोगलांना सामील झाली, अशी हाकाटी केली. जमाव महालात घुसला आणि त्याने तिचा वध केला. चार वर्षांपूर्वी ज्या हातांनी तिच्या साक्षीने तट बांधून काढला, त्या हातांपैकीही काही त्या जमावात असतील काय? हा विचार मन विदीर्ण करतो. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. शेकडो माणसे कापली गेली आणि बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. जे वाचविण्यासाठी तिने तह करू म्हटले होते, ते सारे तिला मारणाऱ्यांनी एका महिन्याच्या आत घालविले.

चांदबीबीच्या धोरणाची सूत्रे थोडक्यात सांगता येतील. शेजाऱ्यांशी असलेले वैर समान संकटापुढे विसरावे. बलाढ्य शत्रूशी लढावे, परंतु तहाचे दार कधीही बंद करू नये. आणि जमीन देऊन का होईना, वेळ विकत घ्यावा. या तिन्ही सूत्रांत आम्हांला चूक आढळत नाही. त्यांचा पाठपुरावा पुढे मलिक अंबरने केला. निजामशाहीच्या दुसऱ्या वारसाला गादीवर बसवून त्याने मोगलांशी कधी युद्ध, कधी तह करीत, मराठा सरदारांना हाताशी धरून, सव्वीस वर्षे राज्य जिवंत ठेवले. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल व विजापूर यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. फरक एवढाच की, अंबरच्या हाती स्वतःची फौज होती आणि घरातील प्रतिस्पर्ध्यांना त्याने वेळीच नमविले. १६२६ साली तो वारला आणि दहा वर्षांत निजामशाही नकाशावरून नाहीशी झाली.

म्हणून चांदबीबीच्या चरित्राचा आम्ही काढलेला निष्कर्ष असा आहे. परराष्ट्र धोरण कितीही शहाणपणाचे असो, ते घरातील एकीच्या पायावरच उभे राहते. तिचा एकही तह शत्रूने मोडण्यापूर्वी तिच्या माणसांनी मोडला नाही, असे झाले नाही. मोगलांना वाट दाखविली ती मियाँ मंजूने. तहानंतर त्यांच्याकडे पत्रे धाडली ती तिच्याच पेशव्याने. सोनपेठला पाठ दाखविली ती अहमदनगरच्याच तुकड्यांनी. आणि तिच्यावर शस्त्र चालविले ते तिच्याच सैनिकांनी. घरचा भेदी, लंका दहन, याहून वेगळा अर्थ त्यातून निघत नाही. वाटाघाटी करणाऱ्याला देशद्रोही ठरविणे हे फार सोपे असते. त्यानंतर त्याच्या जागी बसून राज्य राखणे हे किती अवघड असते, ते १६०० सालच्या त्या एका महिन्याने दाखवून दिले.

आणि आमच्या जिल्ह्यापुरते सांगावयाचे तर आणखी एक गोष्ट आहे. पाथरी वऱ्हाडची की अहमदनगरची, हा वाद दोन्ही दरबारांनी आपापल्या परीने मांडला. पाथरीच्या शेतकऱ्याला, इनामदाराला, गोदाकाठच्या गावकऱ्याला मात्र कोणी विचारले नाही. त्यांच्या वाट्याला आली ती तुडविलेली शेते आणि नव्या धन्याचा वसुलीचा हुकूम. त्यानंतरही या भूमीने अनेक सरहद्दी पाहिल्या. १९४८ साली ती निजामाच्या राजवटीतून मुक्त झाली, १९५६ साली मुंबई राज्यात आली, १९६० साली महाराष्ट्रात आली. या वेळी मात्र फरक होता. लोकांनी सत्याग्रह केले, तुरुंग भोगले, आणि आपण कोणाचे हे स्वतः सांगितले. १९५६ च्या पुनर्रचनेत ज्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही, त्या बेळगावकडील मराठी बांधवांची व्यथा किती दीर्घ झाली, हे पाथरीच्या लोकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

सोनपेठच्या बाजूला गोदावरी आजही शांतपणे वाहते. त्या काठावरून जाताना कोणा शिक्षकाने मुलांना थांबवून सांगावे की, बाळांनो, अहमदनगरचा तट फुटला तो तेथे, परंतु त्याचा निकाल लागला तो येथे, आपल्या पाथरीपायी. चांदबीबीच्या तलवारीची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तिच्याबरोबर, तहात न लिहिल्या गेलेल्या एका सरहद्दीची गोष्टही सांगावी. पहिल्या गोष्टीने छाती फुगेल. दुसरीने डोळे उघडतील. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला या दोहोंची गरज आहे.